परत मागितलेली माती

रोज सकाळी, चहाचा घोट घ्यायच्याही आधी, कँटीनकाकू खताच्या ढिगात हात घालायच्या. नुसती बोटं नाही, मनगटापर्यंत हात. मग डोळे मिटून क्षणभर तशाच थांबायच्या, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून आई थांबते तशा. फरक एवढाच, की इथे अंग गरम लागलं तरच त्यांचा जीव भांड्यात पडायचा. "आहे, ताप आहे," असं पुटपुटत त्या हात धुवायला नळाकडे वळायच्या.

ढिगाला ताप आहे म्हणजे आत साली नीट कुजताहेत, तणाचं बी मरतंय, रोग जळून जातोय. त्या तापावर त्यांचा माणसांपेक्षा जास्त भरवसा होता.

माणसांमध्ये त्यांची म्हणावी अशी एक नणंद होती. वयानं मोठी, लग्न न केलेली, जिभेला धार असलेली. दोघी एकाच कारखान्यात कामाला होत्या. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना. नणंद पॅकिंगला, काकू कँटीनच्या स्वयंपाकघरात. काकूंचा नवरा लवकर गेला आणि दोघी एका खोलीत राहिल्या. "नवरा गेला, नणंद राहिली," असं काकू कुणालाही सहज सांगायच्या. "ऐकू येतंय मला!" असं आतून उत्तर यायचं.

मग कारखाना बंद पडला. गल्लीतल्या बहुतेक घरांची चूल त्याच्यावर पेटायची. पहिल्या महिन्यात लोकांनी बाहेरचा चहा सोडला, दुसऱ्यात फळं, आणि नंतर भाजीच्या गाडीशेजारून जाताना बायका रस्त्याची दुसरी कड धरू लागल्या. पोरांच्या हातात बिस्किटांचे पुडे आणि गरम पाणी ओतून फुगणाऱ्या शेवयांचे डबे दिसू लागले. ते स्वस्त होतं आणि पोट भरल्यासारखं वाटायचं.

कँटीनच्या मागे एक आवार होतं. विटांचे तुकडे, सिमेंट, गंजलेल्या पट्ट्या. त्याच्या एका कोपऱ्यात काकूंनी कित्येक वर्षं साली टाकल्या होत्या, कारण कचरा उचलणारे मागच्या बाजूला कधी फिरकलेच नाहीत. त्या कोपऱ्यात आता गुडघाभर काळी माती होती. मालकाच्या माणसांनी आवाराची चावी फारशी घासाघीस न करता देऊन टाकली. गोदामात पुठ्ठा पडून होता, तो काकूंनी आणि नणंदेनं सगळ्या राडारोड्यावर अंथरला, वर ती काळी माती पसरली, त्यावर वाळका पाला. खणलं नाही. काकू जमीन कधी खणायच्याच नाहीत. जमीन उघडी ठेवायची नाही, पीक काढलं तरी मुळं आत राहू द्यायची, वरून पांघरूण घालत राहायचं, एवढंच त्या सांगायच्या. एका वर्षात पुठ्ठा विरून गेला आणि खाली गांडुळं आली. कुठून आली कोण जाणे. नणंद म्हणायची, "त्यांचाही कारखाना बंद पडला असेल."

आवारात पैसे चालत नव्हते. नियम एकच होता: साली आणा, भाजी न्या. आठवड्यातून एकदा कँटीनच्या लांबलचक सिमेंटच्या टेबलांवर पिशव्या मांडलेल्या असायच्या. घरटी एक. दारात पिंप. येणारा आपल्या घरच्या साली, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा पिंपात ओतायचा आणि आपली पिशवी उचलायचा. यात फुकट काही नव्हतं, त्यामुळे मान खाली घालायचंही कारण नव्हतं. ज्यांच्या घरी सोलायलाच काही नसायचं, ते झाडांचा पाला गोळा करून आणायचे.

टेलरमास्तर सुताचे तुकडे आणायचे. आवाराला लागून असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको राहायची. मशीन खिडकीशीच होतं, खिडकी आवारावर उघडायची. काकू खाली वाफ्यात वाकलेल्या असल्या की वरून मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. सुती धागा असल्यानं तो ढिगात कुजायचा, म्हणून काकू ठेवून घ्यायच्या.

"काकू, माझ्या धाग्याचा कोबी उगवला तर शिलाई माफ," मास्तर म्हणायचे.

"कोबीला बटणं लावून द्या आधी."

मास्तरांची बायको बोलण्यात नसायची. ती पिंपापाशी उभी राहून आपल्या साली हलकेच ओतायची, आवाज होऊ न देता, जणू कुणी झोपलंय.

हे सगळं चांगलं चाललं होतं. म्हणजे पोटापुरतं चाललं होतं.

ज्या वर्षी चुकलं, त्या वर्षी पलीकडचा आणखी एक कारखाना बंद पडला आणि पिंपापाशी नवीन तोंडं दिसू लागली. वाफे वाढवायला हवे होते, आणि वाफ्यांना खत. गावाबाहेर घोडे शिकवणारा एक माणूस होता. तोंडभर हसणारा, घोड्यांशी माणसांसारखं आणि माणसांशी घोड्यांसारखं बोलणारा. त्याच्या तबेल्यातली लीद आणि खालचं गवत तो टेम्पो भरून द्यायला तयार होता. वर म्हणाला, "न्या काकू, मला तर हे टाकायला जागा नाही."

बाहेरच्या खतासाठी काकूंची एक रीत होती. आलेलं खत आधी भिंतीपाशी वेगळं बसायचं. त्यातलं थोडं एका पत्र्याच्या डब्यात भरून त्या घेवड्याच्या चार बिया पेरायच्या. घेवडा मोठा चहाडखोर. मातीत काही वावगं असलं तर पहिल्यांदा तोच सांगणार. डब्यातला घेवडा सरळ वाढला तरच ते खत आत यायचं. नणंद त्याला मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम म्हणायची.

त्या वर्षी काकूंनी डबा भरला नाही. वेळ नव्हता, पेरणी उशिरा झाली असती. आणि घोड्याच्या लिदीनं ढिगाला असा काही ताप चढला की हात आत ठेववेना. काकूंनी हात बाहेर काढून फुंकर मारली आणि खूश होऊन म्हणाल्या, "यात आता काय वाचणार आहे?"

पहिल्यांदाच इतकं खत झालं, की वाफ्यांना घालूनही उरलं. काकूंनी उरलेलं घरोघर वाटलं. बादलीभर प्रत्येकी. गच्च्यांवर, खिडक्यांत, जिन्याच्या कोपऱ्यांत तेलाचे डबे आणि फुटक्या बादल्या उभ्या राहिल्या. गल्ली हिरवी होणार, असं प्रत्येकजण म्हणत होता. मास्तरांनी खिडकीतल्या डब्यात घेवडा लावला आणि वेल चढवायला गजांना पांढरा दोरा बांधला.

वाफ्यातला घेवडा उगवला तेव्हा पहिली दोन पानं ठीक होती. तिसरं पान उघडलंच नाही. ते आतल्या आत वळलं, कडा चोळामोळा झाल्या, देठ पिळला गेला. चौथं त्याहून वाईट. टोमॅटोच्या शेंड्यांनी माना खाली घालून स्वतःभोवतीच वेटोळं केलं. सगळा वाफा लहान लहान मुठी आवळून उभा होता. किडा नाही, डाग नाही, रंगही हिरवागार. काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी रोपं विकणाऱ्या नर्सरीवालीला बोलावलं. जुनी मैत्रीण. तिनं वाफ्यापाशी बसून एक पान उलटंपालटं केलं.

"काकू, हे पाण्याचं नाही, उन्हाचं नाही, किडीचं नाही. बाहेरचं काही घातलंत?"

"घोड्याचं खत."

"आणि घोड्यानं गवत कुठलं खाल्लं?"

"आता मी घोड्याला विचारू?"

नर्सरीवाली हसली नाही. तिनं सांगितलं ते असं: गवताच्या कुरणात रुंद पानांचं तण माजू नये म्हणून एक औषध मारतात. ते गवताला काही करत नाही. गवत खाणाऱ्या घोड्याला काही करत नाही, त्याच्या पोटातून तसंच बाहेर पडतं. ढिगाच्या तापाला ते दाद देत नाही. सगळ्यातून कुणालाही न दिसता चालत येतं आणि घेवड्याच्या कोवळ्या पानापाशी येऊन जागं होतं.

"आणि माणसाला?"

"एवढ्यानं माणसाला काही होत नाही म्हणतात."

"म्हणतात," काकू म्हणाल्या.

"म्हणतात. तरी पण गल्लीला सांगून टाका. अजून मुळा आणि कोबी ताठ आहेत, त्यांना हे बाधत नाही, पण लोकांना माहीत असू दे."

काकूंनी मान हलवली. सांगणारच होत्या. पण सांगितलं की पिंप रिकामं होणार, पिशव्या पडून राहणार आणि पोरं पुन्हा शेवयांच्या डब्यांकडे वळणार, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. घोडेवाल्याला एकदा विचारू, मग सांगू. मुळा एकदा निघू दे, मग सांगू. पिशव्यांचा दिवस उजाडला तरी त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मास्तर सगळ्यांच्या शेवटी आले. पिंपात सुताचा गुंता टाकला, पिशवी उचलली, आणि गेले नाहीत.

"काकू, आमच्या घेवड्याचं काहीतरी बिनसलंय. पानं मुठी आवळून बसलीत. माझं काय चुकलं?"

काकूंच्या हातात कोबी होता. शेजारी नणंद टेबल पुसत होती.

"पाणी जास्त होत असेल, मास्तर," काकू म्हणाल्या.

नणंदेचं फडकं थांबलं.

"असेल, असेल," मास्तर म्हणाले. "सांगतो घरी. आज कोबी झकास दिसतोय." आणि पिशवी काखेत मारून, चष्मा सावरत, ते जिन्याकडे गेले.

चार-पाच दिवसांत मास्तर गेले. छातीचं जुनं दुखणं होतं, डॉक्टरनं आधीच बजावलं होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या मान पुढे झुकली, एवढंच. खाली वाफ्यात वाकलेल्या काकूंना मशीन थांबलेलं ऐकू आलं होतं. ते पुन्हा सुरू होईल म्हणून त्या काम करत राहिल्या होत्या.

त्यानंतर काकूंनी एक दिवसही वाट पाहिली नाही. कँटीनमध्ये गल्ली जमवली आणि उभ्या राहून सगळं सांगितलं. खत, घोडा, डबा न भरणं, सगळं. मग एकदम सगळे बोलू लागले.

"म्हणजे आम्ही विष खाल्लं?"

"अहो, माझ्या सुनेला सातवा महिना आहे!"

"मास्तर कशानं गेले मग?"

"मास्तर हार्टनं गेले, गप बस."

एक म्हातारे गृहस्थ सगळ्यात मागे उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "पैसे घेतले असतेत काकू, तर भांडता तरी आलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून काकू आणि नणंद हातगाडी घेऊन दारोदार फिरल्या. दिलेली माती परत मागायला. घराघरांत ती कुंड्यांत, डब्यांत, बादल्यांत बसली होती. ती कुठेतरी ओतली गेली असती, पुन्हा कुणाच्या तरी वाफ्यात गेली असती. ती सगळी गोळा करून एका जागी बसवायला हवी होती.

"दिलेली वस्तू परत मागतात होय, काकू?"

"एरवी नाही मागत. आज मागते."

एकीनं परातीत माती आणून दिली, जशी कुणाच्या घरची उसनी साखर परत करावी. एकानं विचारलं, डबा पण देऊ का, तो माझा आहे. एका घरात तीच माती फुलझाडांना घातली होती आणि फुलं अजून ठीक होती. ती बाई दार लावून आत गेली. नणंद गाडी ढकलता ढकलता म्हणाली, "माती मागत फिरणारी भिकारीण मी जन्मात पाहिली नव्हती. आणि आता तिच्याबरोबर फिरतेय."

मास्तरांच्या दाराशी काकू एकट्या वर गेल्या. बायकोनं दार उघडलं. खिडकीत मशीनवर चादर घातलेली होती. शेजारी तो डबा. पाणी बंद झाल्यानं वेल वाळला होता, पण मुठी तशाच होत्या.

"तो डबा..." काकू म्हणाल्या.

"राहू दे. त्यांनी लावलाय."

काकूंना आणखी काहीतरी बोलायचं होतं. बायको दाराला धरून थांबली होती, घाईत नव्हती. शेवटी काकूच म्हणाल्या, "येते," आणि खाली आल्या. नणंदेनं त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि गाडी उचलली.

सगळी माती आवाराच्या टोकाला, भिंतीपाशी रचली. वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर विटा. वाफ्यांत काकूंनी मका लावला, कारण मक्याला ते औषध काही करत नाही. मका वाढला की कापायचा आणि त्याची धाटं त्या वेगळ्या ढिगावर टाकायची, जमिनीत परत घालायची नाहीत. जमिनीला हवा द्यायची, ओल द्यायची, आणि थांबायचं. दुसरं औषध नाही. नर्सरीवालीनं तेवढंच सांगितलं होतं.

पिशव्यांसाठी उरला एक जुना वाफा, ज्यात ते खत गेलं नव्हतं. पण येणाराच कुणी उरला नव्हता. दोन-चार घरं आली, बाकीच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पिंप तळाशी कोरडं पडलं. गल्लीतल्या कचऱ्यात रंगीत पुडे वाढले. काकू ते रस्त्यात दिसले की चालता चालता थांबायच्या, काहीतरी मोजल्यासारख्या ओठ हलवायच्या आणि पुढे जायच्या.

त्या काळातलं नणंद फार कमी सांगते. पण एक सांगते. काकूंना पिशव्या भरायला कधी मोजदाद लागायची नाही. येणारी घरं डोळ्यांसमोर आणत हात आपोआप चालायचे. आता चारच घरं, तरी दर आठवड्याला टेबलावर एक पिशवी जास्त निघायची.

"वहिनी, परत एक जास्त."

"राहू दे. आपण खाऊ."

आणि दोघी ती घरी नेऊन शिजवायच्या. काकू ताट समोर घेऊन बसायच्या, पहिला घास हातात धरून. एकदा म्हणाल्या, "ताई, कोबी झकास दिसतोय, असं म्हणाले होते ते."

"जेव आता."

मका उंच झाला की आवारात चालताना माणूस दिसेनासा व्हायचा. वारा सुटला की पानं घासायची, एका लयीत, थांबून पुन्हा. काकू त्या आवाजासरशी मान वर करायच्या. वर खिडकी असायची. गजांना बांधलेला पांढरा दोरा आता मळून पिवळा झाला होता आणि त्याचं सुटं टोक हलत असायचं. डबा तिथेच होता. काकूंनी पाठ त्या बाजूला करून काम करायची सवय लावून घेतली. मग पाठीमागून कुणी बघतंय असं वाटायचं, म्हणून पुन्हा तोंड वळवायच्या.

मुठी त्यांना सगळीकडे दिसू लागल्या. पिळून दोरीवर टाकलेल्या फडक्यात. बंद छत्रीत. शेजारच्या सुनेला मुलगी झाली, गुटगुटीत, ठणठणीत. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकू बघायला गेल्या. बाळ झोपलं होतं, दोन्ही मुठी गालांशी. काकूंनी एक बोट पुढे केलं, त्या मुठीजवळ नेलं आणि मागे घेतलं. "छान आहे हो," म्हणाल्या आणि चहा न घेताच उठल्या. सुनेच्या सासूला राग आला. काकूंचं काय बिनसलं ते कुणाला कळलं नाही.

दर हंगामात त्या प्रत्येक वाफ्यातली माती डब्यांत भरून घेवडा पेरायच्या. पहिल्या वर्षी मुठी. दुसऱ्या वर्षी पान अर्धं उघडलं, मग जणू कुणी हाक मारल्यासारखं आत वळलं. नणंद वाकून बघायची. "अजून नाक मुरडतोय," म्हणायची. काकू डबे उचलून भिंतीपाशी रिकामे करायच्या, धुवायच्या, पालथे घालायच्या.

"वहिनी," नणंद एकदा म्हणाली. दोघी कँटीनच्या पायरीवर बसल्या होत्या. "मातीचं मातीच्या गतीनं होईल. तू वर कधी जाणार?"

"कुठे वर?"

"देवाघरी नाही म्हणत मी. दुसऱ्या मजल्यावर."

काकू पदराला लागलेली माती झटकत राहिल्या.

"फडकं माझ्या हातात होतं तेव्हा. मी ऐकलंय. गल्लीला सगळं सांगितलंस, ते तेवढं एक सोडून."

"काय सांगू? की तुमचा नवरा मला विचारत होता आणि मी त्याच्या माथी मारलं? तो गेला ते आपलंच चुकलं असं समजून."

"हेच सांग."

"ती काय म्हणेल?"

"ते तिला ठरवू दे ना. की तेही तूच ठरवणार?"

काकू उठून आत गेल्या. नणंद म्हणते, त्या दिवशी त्यांनी टेबलं दोनदा पुसली.

पुढच्या हंगामात घेवड्याचं तिसरं पान उघडलं. चौथंही. पसरट, ताठ, शिरा सरळ. काकूंनी कुणाला काही सांगितलं नाही, नर्सरीवालीला बोलावलं. तिनं एकेक डबा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "झालं, काकू. सुटली जमीन." काकूंनी तिच्या हातातून डबा घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग वाफ्यात पालक पेरला, कारण पालकही तसा नाजूक, त्याला खोटं चालत नाही.

ही बातमी गल्लीत आपोआप पसरली. आधी नवीन लोक आले, ज्यांना जुनं ठाऊक नव्हतं. मग ते म्हातारे गृहस्थ आले, पिंपात बचकभर साली टाकून म्हणाले, "भांडायचं राहिलंय, ते नंतर बघू." मग एकेक करत बाकीचे. शेजारची मुलगी आता चालत होती. ती पिंपाच्या काठाला धरून आत डोकावायची. मास्तरांची बायको मात्र आली नाही. वरची खिडकी उघडी असायची, पडदा हलायचा.

काकू गेल्या त्याच वर्षी. तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. दुपारी त्या कँटीनच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या. डुलकी लागली असेल म्हणून नणंदेनं तासभर कुणाला तिथे आवाज करू दिला नाही. उलट पिंपापाशी बोलणाऱ्या दोघींना तिनं दटावलं होतं. ते आठवलं की ती अजून मधेच बोलायची थांबते.

पण त्याच्या आधी, सकाळी, काकू दुसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या. तिथे काय झालं ते मास्तरांच्या बायकोनं नंतर स्वतः येऊन सांगितलं. नणंदेसमोर बसून, हलक्या आवाजात, एकही शब्द न गाळता.

दार उघडलं तेव्हा काकू कठड्याला धरून श्वास घेत होत्या. हातात पालकाची जुडी. आत बोलावलं तर आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "मास्तरांनी मला विचारलं होतं, माझं काय चुकलं. मी म्हटलं, पाणी जास्त होतंय. पण तेव्हा मला ठाऊक होतं की पाणी नव्हे. खतच होतं. ठाऊक असून तसं बोलले."

जिन्यात कुणीतरी खालच्या मजल्यावर किल्ली फिरवत होतं, तो आवाज संपला. मग बायको म्हणाली, "त्यांना पाणी घालायची आठवण कुठे असायची हो. पाणी मी घालायचे."

काकूंनी जुडी या हातातून त्या हातात घेतली.

"ते त्या दिवशी वर आले आणि म्हणाले, तुझं पाणी जास्त होतंय, वेल मारलास तू. मला राग आला. मी म्हटलं, मग घाला तुमचं तुम्ही. चार दिवस आम्ही धड बोललो नाही. मग ते गेले."

"मला..."

"तुम्ही माती मागायला आलात तेव्हा कळलं, दोष पाण्याचा नव्हता म्हणून. वाटलं, तुम्हालाही तेव्हाच कळलं असेल. तुमचाही इलाज नव्हता. तुम्हाला आधीच ठाऊक होतं, हे आज कळतंय." ती थांबली. "इतकी वर्षं लागली तुम्हाला दोन मजले चढायला?"

"हो," काकू म्हणाल्या.

दोघी तशाच उभ्या राहिल्या, एक आत, एक बाहेर. माफ केलं असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणत नाही, नणंदेनं विचारलं तेव्हा म्हणाली, "ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता विचारायला त्याही नाहीत." दार लावून घ्यावं असं तिला वाटलं होतं. हात दारावर होताही. पण काकूंच्या हातातल्या जुडीवरचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं, देठांशी अजून माती होती, आणि पानं मोठी, सपाट, पूर्ण उघडलेली होती. ती बघत राहिली. मग तिनं दारावरचा हात काढला आणि पुढे केला.

"कुठल्या वाफ्यातली?" तिनं विचारलं.

"खिडकीखालच्या."

तिनं जुडी घेतली. काकू कठडा धरून वळल्या, दोन पायऱ्या उतरल्या, आणि खालूनच मान वर करून म्हणाल्या,

"मीठ बेतानं घाला हं, शिजून एवढीशी होते."